'गरम' एवढ्या एका शब्दावर भागत नाही: ठाण्यात नवीन आलेल्यांसाठी मराठीतली उष्णता, पायरी पायरीने

ठाण्यात नवीन राहायला आलेल्या माणसाला मराठीतले जे पहिले चार शब्द येतात त्यात 'गरम' असतोच, कारण हिंदीतही तोच आहे आणि टपरीवर, रिक्षात, ऑफिसात रोज कानावर पडतो. पण मग लिफ्टमध्ये शेजारच्या काकू म्हणतात "काय उकडतंय हो आज", कामाला येणाऱ्या मावशी विचारतात "ताई, दूध तापवून ठेवू का", डॉक्टर सांगतात "कोमट पाण्याने गुळण्या करा", आणि बातम्यांत ऐकू येतं "उष्मा वाढला". सगळं उष्णतेबद्दलच चाललंय पण 'गरम' कुणीच म्हणत नाहीये. इथे बरेच जण अडकतात आणि परत हिंदीवर जातात, जे मला मनापासून नको वाटतं, कारण खरं तर हे सगळं शिकायला फार सोपं आहे, फक्त कुठून सुरुवात करायची ते कुणी सांगत नाही.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत नवीन आलेल्यांशी मी मुद्दाम मराठीत बोलते, त्यांना नेमकं कुठे अडतं ते बघत बघत हे लिहिलंय. देवनागरी वाचता येते आणि थोडंफार समजतं अशांसाठी आहे. शब्दांची यादी पाठ करू नका, एकच सवय लावा, काय तापलंय ते आधी बघायचं. पाणी, दूध, तवा, हवा, अंग, डोकं, प्रत्येकाचा शब्द वेगळा आणि तो त्या वस्तूलाच चिकटलेला असतो.

पायरी १: आधी 'गरम' नीट वापरा

'गरम' फारसीतून आलाय आणि मराठीत इतका मुरलाय की त्याला परका म्हणायची सोय नाही. शिकणाऱ्याला त्याचा मोठा फायदा म्हणजे तो बदलत नाही. गरम चहा, गरम भाकरी, गरम पाणी, गरम वडे, लिंग वचन काही असो, शब्द तसाच. 'तापलेला' म्हणायला गेलात की तापलेला तवा, तापलेली कढई, तापलेलं तेल असं बदलत बसावं लागतं. त्यामुळे अडलात तर 'गरम' म्हणा, समजेल, कुणी हसणार नाही.

जपायचं ते 'मी' आणि 'मला' मध्ये. "मला गरम होतंय" बरोबर. "मी गरम आहे" असं चारचौघांत म्हणू नका, त्याचा अर्थ भलतीकडे जातो. "मी गरम झालो" म्हणजे मला राग आला. आणि "मला गरमी झालीय" हे तर टाळाच, हिंदीतल्या 'गर्मी हो रही है' वरून ते सहज तोंडात येतं, पण जुन्या मराठीत गरमी हे गुप्तरोगाचं नाव आहे, आणि आजी-आजोबांच्या पिढीला तो अर्थ अजून माहिती असतो. आजकालची पोरं "खूप गर्मी आहे" सर्रास म्हणतात, त्यात हवा कळते, ते चालून जातं. 'झालीय' म्हटलं की गडबड.

अजून एक, 'गरम' म्हणजे ताजं. वडापावच्या गाडीवर "दादा, गरम आहेत का?" असं विचारलं की त्याचा अर्थ आत्ता तळलेत का. दादा म्हणतो "दोन मिनिटं थांबा, घाणा काढतोय." एका वेळी कढईत जेवढे वडे सोडले तो एक घाणा. स्टेशनजवळच्या कुठल्याही गाडीवर संध्याकाळी उभं राहिलं की हा शब्द ऐकायला मिळेल, आणि तुम्ही स्वतःहून विचारलंत "पुढचा घाणा कधी?" तर तो माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, चांगल्या अर्थाने.

पायरी २: पाणी

पाण्याला मराठीत पायऱ्या आहेत आणि त्या रोज लागतात. गार, मग कोमट, मग ऊन, मग गरम, मग कढत, मग कडकडीत, आणि शेवटी उकळतं. सगळे एकदम नको, आधी कोमट, गरम आणि कढत हे तीन पक्के करा.

कोमट म्हणजे हाताला नुसतं जाणवेल इतपत. गुळण्या कोमट पाण्याच्या, लिंबू-मध कोमट पाण्यातून, बाळाची अंघोळ कोमट पाण्याने. विरजण लावताना दूध कोमट लागतं, त्यात करंगळी बुडवून बघायची, बोट आरामात राहिलं पाहिजे, मग चमचाभर दही घालून ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. जास्त गरम असेल तर दही फसफसतं किंवा लागतच नाही, गार असेल तर सकाळी दूधच्या दूध. कोमट शब्द शिकायची ह्याहून चांगली जागा नाही, कारण बोटालाच अर्थ कळतो.

कढत म्हणजे अंगावर घेताना आधी थोडं बिचकायला होईल असं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पाणी कढत पाहिजे असं घरोघरी म्हणतात. कढणे म्हणजे तापून तापून आटत जाणे, कढी आणि काढा त्याच घरातले शब्द, मुगाचं कढण पण.

आता माझा आवडता शब्द, विसण. बादलीत गिझरचं पाणी फार कढत झालं की त्यात गार पाणी घालून अंगाला सोसेल असं करायचं, ते वरून घातलेलं गार पाणी म्हणजे विसण. "पाणी फार कढत आहे, विसण घाल." मिक्सर नळ आल्यापासून नवीन बिल्डिंगमध्ये हा शब्द मागे पडत चाललाय आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण इतकी रोजची गोष्ट एका शब्दात सांगणारं दुसरं काही नाही. ज्यांच्याकडे बादलीने अंघोळ आहे त्यांनी तरी तो वापरावा. नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या बिल्डिंगमधल्या आजींपुढे म्हणून बघा, त्या लगेच बोलायला लागतील.

'ऊन' पाण्याला आणि जेवणाला दोन्हीला लागतो. ऊन ऊन वरणभात, वर तुपाची धार. गरम म्हटलं तर फक्त तापमान, ऊन ऊन म्हटलं की कुणीतरी वाट बघत वाढलंय असं येतं त्यात. हा शब्द संस्कृत 'उष्ण' वरून प्राकृतातून झिजत झिजत आलाय आणि तोच सूर्याच्या उन्हालाही लागतो, उन्हाळाही त्यातूनच. कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत त्यांच्या गावांची नावं बघा, पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, सगळ्यांत हेच ऊन बसलंय. आपल्या ठाणे जिल्ह्यातली गरम पाण्याची कुंडं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला आहेत, एखाद्या रविवारी जाऊन या, तिथे पाय घालताना कोमट, ऊन आणि कढत हे तिन्ही शब्द वेगवेगळ्या कुंडांत आपोआप कळतात.

पायरी ३: स्वयंपाकघर

इथे 'गरम करणे' हे एकच क्रियापद घेऊन नवीन माणूस सगळं चालवतो, आणि मराठी माणसाचा कान इथेच सगळ्यात जास्त टोचतो. दूध तापवायचं, पाणी उकळायचं, बटाटे उकडायचे, लोणी कढवायचं, तवा तापवायचा, पोळी भाजायची किंवा शेकायची.

दुधाचं नीट समजून घ्या. सकाळी पिशवी आली, ती फोडून पातेल्यात ओतली आणि वर येईपर्यंत ठेवलं, ते 'दूध तापवलं'. दुपारी फ्रिजमधलं तापवलेलं दूध चहाला परत ठेवलं, ते 'दूध गरम केलं'. म्हणून मावशींनी "दूध तापवलं का ताई?" विचारलं तर त्या नवीन दुधाबद्दल विचारतायत. उत्तर "हो, तापवलंय, साय काढू नका." आणि लक्ष नसेल तर ते उतू जातं. उकळून सांडतं असं नाही म्हणायचं, दूध उतू जातं.

उकळणे आणि उकडणे ह्यात तर जवळपास सगळेच गोंधळतात. द्रव उकळतं, पाणी, चहा, आमटी. जे पाण्यात किंवा वाफेवर शिजून मऊ होतं ते उकडतं, बटाटे, अंडी, रताळी. "बटाटे उकळले" ऐकलं की लगेच कळतं की माणूस नवीन आहे. मोदक उकडीचे, तांदळाच्या पिठाची उकड नाश्त्याला, कोकणात उकडा तांदूळ. आणि ह्याच शब्दाने आपण हवेबद्दलही बोलतो, ते पुढच्या पायरीत. उकळणे ला मात्र एक वेगळा फाटा आहे, पैसे उकळणे म्हणजे दमदाटी करून किंवा अडवून पैसे काढणे.

भाताला पाणी उकळत ठेवलं की ते 'आधण'. "आधण आलं का? मग तांदूळ वैर." वैरणे म्हणजे आधणात धान्य घालणे. कुकरमुळे हाही शब्द कमी झालाय, पण ज्यांच्याकडे अजून पातेल्यात भात होतो तिथे ऐकाल. लोणी मंद आचेवर ठेवून तूप करायचं ते कढवणे. 'मंद आच' आणि 'मोठी आच' हेही शिकून ठेवा, गॅस बारीक कर, गॅस मोठा कर असंही चालतं, रोज तेच म्हणतात.

मग 'कडकडीत'. हा शब्द जिथे सापडेल तिथे टिपून ठेवा. कडकडीत पाणी म्हणजे हात घालता येणार नाही असं. करंज्यांच्या किंवा चकलीच्या पिठात कडकडीत तेलाचं मोहन घालतात, ओतताना पीठ चर्र आवाज करून फसफसलं पाहिजे, तो आवाज आला नाही तर मोहन कडकडीत नव्हतं आणि करंजी मऊ पडणार. बाहेर कडकडीत ऊन. आणि त्याच शब्दाने कडकडीत उपवास, कडकडीत बंद. जिथे सूट नाही, ढिलेपणा नाही, तिथे हा येतो. पण नुसता 'कडक' वेगळा, कडक चहा म्हणजे पत्ती जास्त असलेला चहा, तो गार झाला तरी कडकच असतो. टपरीवर "एक कडक द्या" म्हणालात तर गरम मिळेलच, पण तुम्ही मागितलं ते दुसरंच.

आणि चूक झाली की काय म्हणायचं? तव्याला बोट लागलं तर चटका बसला. चहाने जीभ पोळली. आगीने, वाफेने किंवा इस्त्रीने जास्त झालं तर भाजलं. भाजी खाली लागून काळी झाली तर करपली. माणूस करपत नाही, आगीत होरपळतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात ही म्हण ऑफिसातसुद्धा कानावर येईल, एकदा फसलेला माणूस साध्या गोष्टीतही जास्त काळजी घेतो तेव्हा म्हणतात.

पायरी ४: हवा

ठाणे-नवी मुंबईत राहायचं तर सगळ्यात उपयोगाचं वाक्य "काय उकडतंय!" एप्रिल-मे मध्ये आणि परत ऑक्टोबर हीटमध्ये हे वाक्य म्हणजे जवळजवळ नमस्कारच आहे. त्यात कर्ता नाही, कोण उकडतंय विचारू नका, नुसतं उकडतंय. फार तर "मला उकडतंय". लिफ्टमध्ये काकू म्हणाल्या "काय उकडतंय हो", तर तुम्ही "हो ना काकू, वारंच पडलंय" म्हणा. वारं पडणं म्हणजे वारा थांबणं, पान हलत नाही तेव्हा म्हणतात. एवढ्यावर तीन मजले आरामात बोलता येतं आणि ओळख होते.

"गरम होतंय" आणि "उकडतंय" मध्ये फरक आहे. गरम भट्टीजवळ होतं, एसी बंद पडलेल्या मीटिंग रूममध्ये होतं, उन्हातून चालून आल्यावर होतं. उकडतं ते दमट हवेत, घाम येतो पण वाळत नाही, अंग चिकचिक करतं, पंखा लावला तरी वाफच फिरते. बाजूला खाडी आहे, हवेत ओल भरपूर, त्यामुळे घाम उडून जात नाही आणि अंग गार होत नाही, म्हणून आकडा चौतीसच दाखवत असेल तरी जीव नकोसा होतो. ह्या स्थितीचं नाव उकाडा. 'उष्मा' हा त्याचाच छापील भाऊ, पेपरात आणि बातम्यांत, तोंडी फार कमी.

नागपूर-अकोल्याकडचा सहकारी असेल तर तो उकाड्यापेक्षा उन्हाबद्दल जास्त बोलेल, "ऊन तापून राहिलंय" म्हणेल, कारण तिकडची हवा कोरडी. झळा त्या कोरड्या हवेच्या, दुपारी तोंडावर येणारा तापलेला वारा. धग आगीची किंवा तापलेल्या भिंतीची, पत्र्याची, जवळ गेलं की जाणवते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री स्लॅबची धग येते, हे वाक्य टॉप फ्लोअरवाल्यांनी लगेच घ्या, कामाचं आहे. फारच असह्य झालं की अंगाची काहिली होते, हा शब्द जरा भारी आहे, मोठी माणसं वापरतात.

उन्हाचेही प्रकार. सकाळचं कोवळं ऊन, बाळाला त्यात घेऊन बसतात. दुपारचं रणरणतं ऊन. ढगातून किंवा खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप. कपडे उन्हात घालायचे, पापड उन्हात वाळवायचे, मुलांना ओरडायचं "उन्हात जाऊ नका, ऊन लागेल". ऊन लागणं म्हणजे उन्हाने बरं वाटेनासं होणं, डोकं दुखणं, मळमळणं. कुणी म्हणालं "मी काही उन्हात केस पांढरे केले नाहीत" तर तो हवेबद्दल बोलत नाहीये, अनुभव आहे मला असं सांगतोय.

शाळेच्या भूगोलातले दोन शब्द इथे खरंच उपयोगी पडतात, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. खारे वारे वेळेवर सुरू झाले तर दुपार सुसह्य जाते, उशीर झाला की पारा चढतो. ठाणं किनाऱ्यापासून जरा आत असल्यामुळे कुलाब्यापेक्षा इथे दुपारी जास्त तापतं. म्हणून मुंबईचा आकडा बघून घराबाहेर पडू नका. येऊरच्या बाजूला झाडीमुळे संध्याकाळी गारवा असतो, लोक त्यासाठीच तिकडे फिरायला जातात.

बातम्यांमधले शब्द वेगळे आणि ते समजणं गरजेचं आहे, ह्यात मजा नाही, जिवाचा प्रश्न आहे. कमाल तापमान, किमान तापमान, आर्द्रता, उष्णतेची लाट, उष्माघात. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर असेल तर उष्णतेची लाट म्हणतात. मैदानी भागात हा आकडा ४० आहे. आपल्याकडे तो कमी आहे तो दमटपणामुळे, ३७ ला काय होतंय असं समजू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये भर उन्हात झालेल्या मोठ्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसं दगावली, नवी मुंबईत अजून तो दिवस कुणी विसरलेलं नाही. कुणाला चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं, अंग खूप तापलं, तर आधी सावलीत न्या, ओल्या कपड्याने अंग पुसा, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. अशा वेळी म्हणायचं "ह्यांना ऊन लागलंय, अंग खूप तापलंय", एवढं वाक्य रिक्षावाल्या दादापासून नर्सपर्यंत सगळ्यांना कळतं.

पायरी ५: अंग आणि ताप

अंग गरम लागतं, आणि ताप येतो. "मला ताप आहे", "त्याला ताप आलाय", "ताप उतरला". सुरुवातीला असतं ते 'कणकण' किंवा 'कसर', थर्मामीटर काही दाखवत नाही पण अंग मोडून येतं. ऑफिसला सुट्टीचा मेसेज टाकताना "अंगात कणकण आहे, आज येत नाही" हे अगदी नेमकं आणि मराठी बॉसला लगेच पटणारं वाक्य आहे. खूप जास्त असेल तर "पोरगं तापाने फणफणलंय".

आकड्यांची एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. हवेचं तापमान आपण सेल्सिअसमध्ये बोलतो, अंगाचं फॅरनहाइटमध्ये. "आज अडतीस आहे" म्हणजे बाहेर, "एकशे दोन आहे" म्हणजे माणसाला. दोन्हीकडे नुसता आकडा, एकक कुणी म्हणत नाही. १०२ फॅरनहाइट म्हणजे साधारण ३८.९ सेल्सिअस. डिजिटल थर्मामीटर सेल्सिअसवर लावलेला असेल तर डॉक्टरांना फोनवर ते आधी सांगा.

तापात कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतात, पट्ट्याही म्हणतात. पाठ दुखत असेल तर शेक घ्यायचा, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं. सर्दीला वाफ किंवा वाफारा. महापालिकेच्या बोर्डवर 'हिवताप' दिसला तर तो मलेरिया, हिव म्हणजे थंडी, थंडी वाजून येणारा ताप म्हणून.

मग येतं 'उष्ण'. हा शब्द मराठी घरात तापमानासाठी फारसा वापरतच नाहीत, खाण्याच्या गुणासाठी वापरतात. फ्रिजमधली गारेगार पपई पण उष्ण असते, आणि सब्जा गरम दुधात घातला तरी थंड. हळीव, खजूर, अंडी उष्ण. ताक, कोकम सरबत, गुलकंद, धणे-जिऱ्याचं पाणी थंड. हा समज तुम्हाला पटो न पटो, शेजारी ह्याच भाषेत बोलणार. "आंबे फार खाल्ले वाटतं, उष्णता झालीय" असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ तोंड आलंय, डोळे जळजळतायत, लघवीला आग होतेय ह्यातलं काहीतरी. लघवीच्या त्रासाला 'उन्हाळी लागली' म्हणतात. उन्हाळ्यात नाकातून रक्त आलं तर 'घोळणा फुटला', मुलांच्या बाबतीत मे महिन्यात हमखास ऐकाल. "मला अंडं गरम पडतं" ह्याचा अर्थ मला ते सोसत नाही, बाधतं.

पायरी ६: डोकं, खिसा आणि माया

इथे ताप सगळ्यात कामाचा. "काय डोक्याला ताप आहे!" म्हणजे कटकट आहे. पार्किंग, सोसायटीची मीटिंग, ट्रान्स-हार्बरची गेलेली गाडी, सगळा डोक्याला ताप. "मला ताप देऊ नको" मित्राला, भावंडाला म्हणता येतं, काका-काकूंना नाही. डोकं तापलं म्हणजे राग आला. ज्याला पटकन राग येतो तो तापट. संताप, मनस्ताप, पश्चात्ताप ह्या सगळ्यांत तोच ताप आहे, एक शब्द कळला की हे तिन्ही फुकट मिळतात. निवडणूक आली की वातावरण तापतं, आणि त्याच वेळी आपला फायदा करून घेणारा माणूस तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतो. एका संकटातून सुटून दुसऱ्या तशाच संकटात पडला तर आगीतून फुफाट्यात, फुफाटा म्हणजे तापलेली राख, धूळ.

राग गेला की माणूस 'निवतो' किंवा शांत होतो. चहाही निवतो. "जरा निवू दे, मग पी." गार होणं म्हणजे पूर्ण गार, निवणं म्हणजे पिण्याजोगं होणं, जपून वापरा.

खिसा गरम करणे, हात ओले करणे, दोन्ही लाच. पैशाची गर्मी म्हणजे पैशाचा माज, पण पैशाची ऊब म्हणजे गाठीला पैसा असल्याचा आधार. आणि ऊब हाच तो शब्द जो बाहेरून आलेल्यांना मिळत नाही, ते 'गरम' ने काम चालवायला बघतात. गोधडीची ऊब, आईच्या कुशीतली ऊब, कोंबडी अंडी उबवते, काम न करता बसणारा खुर्ची उबवतो. प्रेमाने केलेलं स्वागत 'गरम स्वागत' कधीच नसतं, ते आपुलकीने केलेलं स्वागत, मनापासून केलेलं. कार्यक्रमाच्या पत्रिका इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्यांनी एवढं एक तरी पाळावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पायरी ७: कुठे 'गरम' अजिबात नाही

तिखटाला. गरम आणि तिखट मराठीत दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, एक हाताला कळते एक जिभेला. ठाण्यात राहायला आलात म्हणजे मिसळ खायला कुणीतरी नेणारच, तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ तर पाहुण्यांना दाखवायची जागाच झालीय. तिथे किंवा कुठेही "जास्त गरम नको" म्हणालात तर रस्सा थोडा निवलेला येईल आणि तरी पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी येईल. झणझणीत म्हणजे चवीला तिखट, "जाळ आहे नुसता" म्हणजे फारच तिखट. म्हणायचं असं, "दादा, रस्सा गरम द्या, पण तिखट कमी, आणि दोन पाव जास्त."